गंजी, चप्पल आणि पऱ्हाटी : आठवीच्या वर्गातील आधुनिक चित्रशैलींच्या प्रकल्प नोंदी

दि. 21 नोव्हेंबर, गुरुवार. तयारी

या नोंदी भडगाव तालुक्यातील गिरणाकाठच्या एका माध्यमिक शाळेच्या आठवीच्या वर्गातील आहेत. वर्गात 46 मुले-मुली आहेत. चित्रकलेला आठवड्यातून दोन तासिका मिळतात आणि प्रत्येक तासिका 35 मिनिटांची असते. सप्टेंबरमधील ग्रेड परीक्षेपर्यंत आम्ही वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि अक्षरलेखन यांतच गुंतलेलो होतो, त्यामुळे मुलांचा हात स्वच्छ झाला आहे. पण रंग रेषेबाहेर गेला की कागद फाडून टाकण्याची सवयही त्याच सरावाने लागली आहे. ती सवय मोडण्यासाठी दोन महिने आधुनिक चित्रशैली घ्याव्यात, असे ठरवले. मुख्याध्यापकांनी 1500 रुपये मंजूर केले आणि गुरुवारच्या दोन तासिका सलग करून दिल्या, म्हणजे सोमवारची एक धरून आठवड्याला एकूण तीन झाल्या. दोनऐवजी तीन तासिका कशा मिळाल्या, हे गणित शिक्षकांना विचारू नये.

पाचोऱ्याहून 12 रंगीत प्रती ए-थ्री आकारात काढून आणल्या (प्रत्येकी 40 रुपये, एकूण 480). कार्ट्रिज पेपरचे 40 ताव 480 रुपयांना मिळाले. एका तावाचे चार तुकडे केल्यास 160 कागद होतात. पोस्टर कलरच्या सहा मोठ्या बाटल्या 420 रुपयांना घेतल्या.

दि. 25 नोव्हेंबर, सोमवार. पहिला तास वाया

प्रोजेक्टरवर एका तासिकेत 40 चित्रे दाखवली. मोने, सेरा, पिकासो, मातीस, मॉन्ड्रियन, पोलॉक, रझा, गायतोंडे अशी सगळी वरात एकामागून एक काढली. खिडक्यांना पडदे नसल्यामुळे निम्मी चित्रे धुरकट दिसली आणि शेवटी कोणते चित्र आठवते असे विचारल्यावर सहा जणांनी एकच उत्तर दिले, ते म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावरील डोंगराचे छायाचित्र. दोष मुलांचा नव्हता. येथून पुढे एका शैलीसाठी एकच छापील प्रत भिंतीवर लावायची आणि एकच प्रश्न विचारायचा, असे ठरवले. त्या हिशेबाने आणलेल्या 12 प्रतींपैकी प्रत्यक्षात चारच वापरल्या गेल्या. 320 रुपये येथेच वाचले असते.

दि. 30 नोव्हेंबर, शनिवार. गंजी, सकाळ

शाळेच्या कुंपणापलीकडे एका शेतकऱ्याने कडब्याची गंजी रचली आहे. क्लोद मोने याने 1890-91 मध्ये जिव्हेर्नी येथील आपल्या घराजवळच्या शेतातील गंजी वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या हवामानात रंगवल्या आणि अशी सुमारे 25 चित्रे केली. त्यातील एकाची प्रत भिंतीवर लावून फक्त एवढेच विचारले की, गंजीची सावली कोणत्या रंगाची आहे. सर्वांचे उत्तर ‘काळी’ असे आले.

शनिवारची शाळा सकाळची असल्यामुळे साडेसात वाजता सर्वांना कुंपणाशी बसवले. माझी चूक अशी झाली की, शिसपेन्सिली दप्तरातच राहू दिल्या. पहिली वीस मिनिटे गंजीची बाह्यरेषा काढण्यात आणि खोडण्यात गेली. तेवढ्यात ऊन वर चढले, सावली आखडली आणि मुले जे रंगवत होती ते समोर उरलेच नाही. मग पेन्सिली आणि रबर गोळा करून एका पिशवीत टाकले, रंगपेटीतील काळ्या वडीवर चिकटपट्टी लावायला सांगितली आणि दुसरा कागद दिला. आता सावली कशाने रंगवायची, हा प्रश्न खराखुरा झाला.

येथे एक साधी युक्ती उपयोगी पडली. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाला पंचिंग मशीनने एक भोक पाडले आणि त्या भोकातून आधी गंजीची उन्हाची बाजू, मग सावलीतील जमीन पाहायला सांगितली. भोकातून पाहताना ‘ही सावली आहे’ हे डोळा विसरतो आणि नुसता रंग उरतो. एका मुलीने निळ्यात थोडा लाल कालवून जांभळट रंग केला, तो पत्रिकेच्या भोकाशेजारी लावून पुन्हा जमिनीकडे पाहिले, मान हलवली आणि त्यात मातकट रंगाचा एक थेंब वाढवला. हे तिने चार वेळा केले. तिच्या कागदावर गंजी फारशी जमली नाही. पण सावली मात्र अशी आली की शेजारच्या पाच जणांनी आपापले कागद तिच्याजवळ नेऊन ताडून पाहिले.

दि. 2 डिसेंबर, सोमवार. गंजी, संध्याकाळ

पावणेपाचला सुरुवात केली. पेन्सिली वर्गातच ठेवल्या होत्या. कागद अर्धा केला, म्हणजे झाकायचे क्षेत्र कमी झाले आणि पंधरा मिनिटांत एक चित्र होऊ लागले. हा बदल सर्वांत महत्त्वाचा ठरला. प्रकाश थांबत नाही, तेव्हा कागदाचाच आकार त्याला जुळवून घ्यावा लागतो. पाण्याची अडचण आली. 46 जणांना दोन बादल्या पुरल्या नाहीत आणि सगळ्यांचे पाणी लवकरच एकाच करड्या रंगाचे झाले. पुढच्या वेळी प्रत्येक चार मुलांमागे एक डबा ठेवावा.

दि. 7 डिसेंबर, शनिवार. गंजी उरली नाही

धुक्यातली गंजी रंगवण्यासाठी सात वाजताच मुलांना बोलावले होते. आम्ही पोचलो तेव्हा टेम्पो उभा होता आणि निम्मा कडबा त्यात चढलेला होता. भाव बरा आला म्हणून मालकाने तो विकला. त्यात त्यांचे काही चुकले नाही, मीच त्यांना आधी विचारून ठेवायला हवे होते. मुलांना तेथेच मोनेची दुसरी गोष्ट सांगितली. 1891 मध्ये तो नदीकाठची पॉप्लरची झाडे रंगवत असताना ती तोडण्यासाठी लिलावात निघाली, तेव्हा त्याने लाकडाच्या व्यापाऱ्याला पैसे देऊन चित्रे पूर्ण होईपर्यंत ती उभी ठेवायला लावली होती. गंजी विकत घ्यायला किती लागतील, असे एकाने टेम्पोवाल्याला खरोखरच विचारले. उत्तर ऐकून सर्वांनी टेम्पोच रंगवला.

दि. 12 डिसेंबर, गुरुवार. ठिपके

जॉर्ज सेरा याच्या ‘ला ग्रांद जात बेटावरील रविवार’ या चित्राची प्रत लावली. 1884 ते 1886 अशी दोन वर्षे चाललेले हे चित्र सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे. एवढे मोठे चित्र ए-थ्रीवर आले की त्यातील ठिपके नाहीसेच होतात, ही गोष्ट प्रत काढताना माझ्या ध्यानात आली नव्हती. शेवटी शर्टच्या बाहीएवढ्या एका भागाचे चित्र मोबाइलवर मोठे करून रांगेने दाखवावे लागले.

प्रत्येकाला 10 सेंटिमीटर बाजूचा चौरस दिला. ठिपक्यासाठी कानकाडी फार मोठी पडते आणि रंग पिऊन टाकते. संपलेल्या रिफिलचे मागचे टोक पोकळ असल्यामुळे ठिपक्याऐवजी कडे उमटते. पऱ्हाटीची (कापसाच्या वाळलेल्या झाडाची) बारीक काडी सपाट कापून घेतली, तेव्हा साधारण चार मिलिमीटरचा भरीव ठिपका मिळाला. एका मुलाने तेथल्या तेथे हिशेब केला की चौरसात 25 गुणिले 25 म्हणजे 625 ठिपके बसतील आणि दोन सेकंदांस एक धरला तरी एकवीस मिनिटे लागतील. प्रत्यक्षात पन्नास मिनिटे लागली, कारण रंग काडीवर वाळत होता. रंगात पाण्याबरोबर चार थेंब खळ मिसळल्यावर तो जरा उशिरा वाळू लागला.

चूक माझी होती आणि मोठी होती. ‘पिवळे आणि निळे ठिपके शेजारी ठेवा, लांबून हिरवे दिसेल,’ असे मी छातीठोकपणे सांगितले. चौरस वाळल्यावर ध्वजस्तंभापाशी उभे राहून पाहिले तर हिरवे कोठेच नव्हते, सगळे राखी दिसत होते. 46 जणांचे पन्नास मिनिटांचे काम राखेत गेले.

दि. 16 डिसेंबर, सोमवार. दुरुस्ती

मुलांना सरळ सांगितले की, मी चुकीचे सांगितले होते. रंग पाण्यात कालवले की हिरवा होतो, कारण दोन्ही रंग मिळून उरलेला प्रकाश शोषून घेतात आणि हिरवा तेवढा सुटतो. पण ठिपके वेगळे ठेवले की डोळा त्यांची फक्त सरासरी करतो आणि पिवळ्या-निळ्याची सरासरी राखाडीकडे जाते. सेरानेही गवतासाठी हिरवा रंग वापरलाच होता; त्यात तो पिवळे, नारिंगी, निळे ठिपके पेरत असे. आम्हीही हिरव्याच्या दोन छटा घेतल्या आणि उन्हाच्या जागी पिवळा, सावलीच्या जागी निळा मिसळला. या वेळी ध्वजस्तंभापासून पाहिले तेव्हा गवत थरथरल्यासारखे दिसले. सेराने या चित्रात वापरलेला एक पिवळा रंग, झिंक यलो, काही वर्षांतच तपकिरी पडला आणि त्याचे ठिपके कायमचे मळकट झाले, हे ऐकल्यावर मुलांचा माझ्यावरचा राग थोडा कमी झाला असावा.

मुख्याध्यापक चक्कर मारायला आले आणि ‘आपल्याकडचे कोणी नाही का?’ असे विचारून गेले. प्रश्न रास्त होता. सय्यद हैदर रझा यांचा जन्म 1922 मध्ये मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात झाला. शाळेत लक्ष लागत नाही म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला लावले, ही आठवण ते सांगत असत आणि पुढे बिंदू हाच त्यांच्या चित्रांचा विषय झाला. आम्ही तो प्रयोग पाच मिनिटे केला. दोन मुलांना झोप आली.

दि. 19 डिसेंबर, गुरुवार. तांब्या फसला

क्युबिझमसाठी सांगितले की, पिकासो आणि ब्राक यांनी 1907 नंतरच्या काही वर्षांत एकच वस्तू एकाच वेळी अनेक बाजूंनी दाखवण्याचा प्रयत्न केला. ग्रेड परीक्षेच्या सरावाचा पितळी तांब्या टेबलावर ठेवला, मुलांना चारही बाजूंना बसवले आणि प्रत्येकाने चार जागा बदलून चार चित्रे काढायची असे ठरवले. अर्ध्या तासानंतर एक मुलगा चारही कागद घेऊन आला आणि म्हणाला, “सर, चारही सारखेच आहेत.” तांब्या चाकावर फिरवल्यासारखा गोल असतो, तो कोणत्याही बाजूने सारखाच दिसणार, ही गोष्ट पंधरा वर्षे तांब्या शिकवणाऱ्या माणसाच्या लक्षात आली नाही. सलग दोन तासिका गेल्या.

दि. 23 डिसेंबर, सोमवार. चप्पल

बाजूगणिक वेगळी दिसणारी, सर्वांकडे असलेली आणि फुकट मिळणारी वस्तू शोधताना वर्गाच्या दाराशीच सापडली. प्रत्येकाने आपली एक चप्पल बाकावर वर्तमानपत्र अंथरून ठेवली. वरून पाहिले की पायाचा आकार आणि दोन पट्टे दिसतात, बाजूने पाहिले की नुसती एक जाड रेघ आणि पट्ट्याची कमान दिसते, उलटी केली की तळाची नक्षी दिसते आणि टाचेकडे ती झिजून गुळगुळीत झालेली असते. या झिजेकडे मुलांनी पहिल्यांदाच पाहिले. एकीची टाच बाहेरच्या बाजूने झिजली होती, दुसऱ्याच्या चपलेला अंगठ्याखाली खड्डा पडला होता आणि एकाच्या चपलेला खाली खिळा ठोकून पट्टा अडवलेला होता. त्याने तो खिळा तीनही चित्रांत काढला, अगदी वरून पाहिलेल्या चित्रातसुद्धा. वरून तो दिसत नाही, असे मी सांगणार होतो, सांगितले नाही.

दि. 26 डिसेंबर, गुरुवार. केळीचे ठसे आणि केळीचे डाग

पिकासोने 1912 मध्ये एका चित्रात खुर्चीच्या वेताच्या विणीची नक्षी छापलेले मेणकापड चिकटवले आणि चित्राभोवती दोरी लावली. आम्हाला वेताची वीण छापायला बाजारात जावे लागले नाही. केळीच्या पानाचा जाड देठ आडवा कापला की त्यात हवेच्या पोकळ्यांची जाळी दिसते. तो रंगात बुडवून उठवला की हुबेहूब विणीसारखा ठसा येतो. पहिले ठसे फुटले, कारण ताज्या कापातून पाणी सुटत होते. काप अर्धा तास वर्तमानपत्रावर पालथे ठेवल्यावर जाळी स्पष्ट उमटली. रंगही डिशमध्ये न ओतता ओल्या स्पंजवर पसरून घ्यावा, नाहीतर पोकळ्या बुजतात.

केळीच्या चिकाचा डाग धुऊन जात नाही, हे केळीच्या पट्ट्यात राहून मला ठाऊक असायलाच हवे होते. तासाच्या वेळी डाग दिसलेच नाहीत. घरी गेल्यावर ते तपकिरी झाले. दुसऱ्या दिवशी नऊ पालक पांढरे सदरे घेऊन आले. माफी मागितली. पुढे ज्यांना हे करायचे असेल त्यांनी काप स्वतः जुन्या कपड्यांवर करावेत आणि मुलांच्या हाती वाळलेलेच द्यावेत.

दि. 30 डिसेंबर, सोमवार. कापाकापी

चपलेची तीनही चित्रे कात्रीने कापून, ठशांचे कागद मध्ये घालून, एका कागदावर जोडायची होती. स्वतः काढलेले चित्र कापायला कोणी तयार होईना. चांगली चित्रे वहीत ठेवून, वाईट तीच कापण्याची कुजबुज सुरू झाली. म्हणून मी माझे स्वतःचे, बरे जमलेले चित्र सर्वांसमोर सहा तुकड्यांत कापले. त्यानंतर कात्र्या चालू लागल्या. एका मुलीने तळ, बाजू आणि वरचा भाग तिरपे सरकवत ओळीने लावले आणि लांब धरून पाहिले. “सर, मनी चप्पल चाली राहिनी,” (माझी चप्पल चालते आहे) ती म्हणाली. खरोखरच ती चालत होती. इतक्या दिवसांत मी क्युबिझमबद्दल जे सांगितले, त्यापेक्षा ते वाक्य वर्गाला अधिक कळले.

दि. 2 जानेवारी, गुरुवार. उंदीर

चिकटवण्यासाठी 40 रुपयांच्या मैद्याची खळ केली होती आणि चित्रे कपाटाच्या खालच्या कप्प्यात ओली ठेवली होती. उंदरांनी 11 चित्रांच्या कडा खाल्ल्या. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात. पण ते विषारी असल्यामुळे मुलांच्या हाती देणे योग्य नव्हे. फेविकॉलचा डबा आणला (150 रुपये) आणि सर्व चित्रे वर्गात सुतळी बांधून चिमट्यांनी टांगली. खाल्लेल्या कडा तशाच ठेवाव्यात की झाकाव्यात, यावर मतदान झाले. सात जणांनी तशाच ठेवल्या.

दि. 6 आणि 9 जानेवारी. पऱ्हाटी

मॉन्ड्रियनच्या काळ्या रेघा आणि लाल, निळे, पिवळे चौकोन थेट दाखवले तर मुले पट्टीने खिडकी काढतात, असा मागील वर्षाचा अनुभव होता. म्हणून या वेळी त्याच्या 1911 च्या ‘करडे झाड’ या चित्रापासून सुरुवात केली. तेथे फांद्या आडव्या-उभ्या कमानी होऊ लागलेल्या दिसतात. कापूस वेचून झालेली, रिकामी बोंडे लटकलेली एकेक पऱ्हाटी बाटलीत खोचून दर चौघांपुढे ठेवली. पहिल्या चित्रात सगळे काढायचे, दुसऱ्यात अर्ध्या रेषा टाकून द्यायच्या, तिसऱ्यात फक्त आडव्या आणि उभ्या ठेवायच्या. दुसरी पायरी कठीण गेली, कारण कोणती रेषा टाकावी हे ठरवता येईना. ‘जी काढली तर पऱ्हाटी पडेल ती ठेवा,’ एवढेच सांगितले. तिसऱ्या चित्रांत बोंडांच्या जागी लहान चौकोन आले आणि एकही चित्र खिडकीसारखे झाले नाही. मॉन्ड्रियनच्या रेघा सारख्या जाडीच्या नसतात, हे मुलांनीच प्रतीवर पट्टी ठेवून शोधले. या दोन तासांत काहीही बिघडले नाही, म्हणून लिहिण्यासारखे फार नाही.

दि. 13 जानेवारी, सोमवार. ठिबक

जॅक्सन पोलॉक याने 1947 ते 1950 या काळात कापड जमिनीवर पसरून, घरांना लावायचा पातळ रंग काडीने ओघळत सोडून मोठी चित्रे केली. आमच्याकडे ठिबक म्हटले की केळीला पाणी देणारे ठिबक सिंचन आठवते, त्यामुळे नाव समजावून सांगावे लागले नाही. ऑइल पेंट मुलांच्या हातांवरून निघत नाही म्हणून दोन किलो डिस्टेंपर आणि त्यात मिसळायच्या रंगाच्या, म्हणजे स्टेनरच्या, चार बाटल्या घेतल्या (370 रुपये). कापडाऐवजी वाढदिवसाच्या एका जुन्या फ्लेक्सची पांढरी मागची बाजू वापरली, कारण ती फुकट होती.

डिस्टेंपर डब्यातला तसाच घेतला तर ओघळत नाही, गोळे पडतात. एक भाग रंगाला पाऊण भाग पाणी घातल्यावर पऱ्हाटीच्या काडीवरून अखंड धार पडू लागली. मुले खूश होती, मीही होतो. दुसऱ्या दिवशी संक्रांतीची सुट्टी होती. बुधवारी फ्लेक्स गुंडाळायला घेतला आणि सगळा रंग पापुद्र्यांनी खाली सांडला. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत पृष्ठावर डिस्टेंपर धरत नाही. एक किलो रंग गेला.

दि. 16 जानेवारी, गुरुवार. पुन्हा ठिबक

घरून एक जुनी सुती चादर आणली, तिला आदल्या संध्याकाळी पातळ डिस्टेंपरचा एक हात दिला आणि उरलेल्या रंगात वाटीभर फेविकॉल मिसळला. एका वेळी सहाच मुले चादरीभोवती ठेवली. मागील वेळी 46 जण एकदम आल्याने कोणाची धार कोणती हेच कळत नव्हते. चादर गुंडाळली तरी रंग टिकला.

दि. 25 जानेवारी, शनिवार. मांडणी

एकूण खर्च 1940 रुपये झाला. मंजूर रकमेच्या वरचे 440 मी घातले. त्यातील प्रतींचे 320 आणि वाया गेलेल्या डिस्टेंपरचे साधारण दीडशे-पावणेदोनशे रुपये टाळता आले असते.

व्हरांड्यात चित्रे टांगताना शेवटची चूक उघडी पडली. गंजीच्या चित्रांमागे वेळ लिहून घेतलीच नव्हती. निवडलेल्या 36 चित्रांपैकी सकाळची कोणती आणि संध्याकाळची कोणती, यावर मुलांत भांडण जुंपले. गंजीचे मालक मुलीच्या निमित्ताने आले होते, त्यांना विचारले. ते एकेका चित्रापुढे थांबत, हात मागे बांधून, सावली कोणत्या अंगाला पडली आहे ते पाहत गेले आणि “हाई सकायनं शे,” (हे सकाळचे आहे) असे म्हणत बोटाने दाखवत राहिले. मुले चित्रे उचलून डावी-उजवीकडे लावत होती. 27 चित्रे अशी लागली. उरलेल्या नऊ चित्रांबाबत काढणारा आणि गंजीचा मालक यांचे जमेना. ती नऊ चित्रे मधल्या दोरीवर वेळ न लिहिता टांगली आहेत.